नवा घोडा बिघडतो तेव्हा

बाजारात पाहिलेला घोडा आणि घरच्या दावणीला बांधलेला घोडा हे पुष्कळदा दोन निराळे प्राणी वाटतात. निपाणी-चिकोडीच्या बाजूस गाडीच्या शर्यतीसाठी, वरातीसाठी किंवा केवळ हौसेखातर घोडा घेणारे लोक आजही आहेत. घेताना त्याच्या पाठीवर लहान पोर बसले तरी तो हलला नव्हता. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस तो गाईसारखा गरीब राहिला. आणि महिना उलटतो न उलटतो तोच खोगीर पाहून कान मागे पाडू लागला, वेशीपासून माघारी वळू लागला, एके दिवशी तर स्वाराला उसात टाकून एकटाच घरी आला. मग शेजारीपाजारी निकाल देतात की घोडा खोडीचा आहे, विकणाऱ्याने गुंगीचे औषध चारून तो गळ्यात बांधला. असे कधी घडतही असेल, आणि म्हणूनच सौद्यापूर्वी घोडा दोन निरनिराळ्या दिवशी, आगाऊ न कळविता जाऊन पाहावा. परंतु साध्या गुंगीचा अंमल काही तासांत उतरतो. पंधरा दिवस शहाण्यासारखे वागून मग बिघडलेल्या घोड्याचे कारण बहुधा नव्या घरातच सापडते.

घोडा हा कळपात राहणारा प्राणी. ओळखीचा सोबती, ओळखीचा वास, ओळखीची वाट यांवर त्याचा सारा धीर उभा असतो. नव्या जागी आल्यावर तो शांत नसतो, भांबावून गप्प झालेला असतो. आणि मालक या गप्पपणालाच स्वभाव समजतो. त्यात मालकाचे प्रेम आड येते. पूर्वीच्या धन्याकडे हा घोडा कडब्यावर राहून रोज कोसभर चालत होता. येथे त्याला दोन वेळा भिजविलेल्या हरभऱ्याची चंदी, वर गूळ, आणि रपेट मात्र रविवारची. अंगात रग साचते आणि ती स्वारावर निघते. घोड्याचे मुख्य अन्न सुका चारा हेच होय. तो दिवसाकाठी वजनाच्या शेकडा दीड ते दोन भाग, म्हणजे ३०० किलोच्या घोड्यास पाच-सहा किलो, मिळाला पाहिजे. चंदी कामाच्या मानाने असावी. तीही एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावी, नाहीतर पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ हा जिवावरचा आजार आहे. गाई-म्हशींसाठी लावलेले हत्तीगवत हाताशी असते म्हणून रोज तेच टाकणारेही पुष्कळ आहेत. त्या गवतातील ऑक्झलेटमुळे अंगाला चुना लागत नाही, कालांतराने हाडे दुखू लागतात, आणि लोक म्हणतात घोडा आळशी झाला.

दुखणे हेच बिघडलेल्या घोड्याचे पहिले कारण धरावे. घोडा सौद्यात येतो, त्याचे जुने खोगीर येत नाही. दुसऱ्या घोड्याच्या मापाचे खोगीर पाठीच्या कण्यावर बसले की प्रत्येक पाऊल बोचते. रपेटीनंतर खोगीर काढून पाहावे: सारी पाठ घामाने भिजलेली असताना मधेच कोरडा डाग राहिला, तर तेथे दाब पडतो आहे असा संशय घ्यावा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हलके दाबत जावे. घोडा पाठ खाली ओढू लागला तर त्याने उत्तर दिलेच. लगाम ओढताच मान झटकणाऱ्या घोड्याच्या दाढांच्या कडा अनेकदा धारदार झालेल्या असतात. नालही सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात. पंचकल्याणी रंग आणि देवमणीचा भोवरा पाहून हजारो रुपये मोजणारा माणूस जबड्यात डोकावत नाही, वय विचारण्यापुरता डोकावला तर डोकावला. चाबूक हाती घेण्यापूर्वी पशुवैद्याला बोलवावे.

शरीर निर्दोष ठरले तर मग भाषेचा प्रश्न येतो. सीमाभागातील माणूस मराठी-कानडी दोन्ही सहज बोलतो. घोड्याला मात्र एकच बोली येते, आणि ती मागच्या स्वाराच्या टाचेची व लगामाची. एकाची टाच म्हणजे ‘चाल’, दुसऱ्याची तीच टाच म्हणजे ‘भरधाव’. नवा स्वार घाबरून टाचेने पुढे हाकतो आणि लगामाने मागे ओढतो. अशा वेळी घोड्याने करावे तरी काय? वेशीशी तो अडला, आणि स्वार उतरून त्याला घरी घेऊन आला, की अडल्याने काम संपते हा धडा एका दिवसात पक्का होतो. म्हणून काही दिवस स्वारी थांबवावी. दोरीवर धरून दोन्ही अंगांनी फेऱ्यांत फिरवावे, हाताने धरून त्याच वाटेने वेशीपलीकडे न्यावे, एखादा जुना, थंड डोक्याचा घोडा सोबतीस मिळाल्यास उत्तम. काम थोडे असावे आणि ते घोडा ऐकत असतानाच संपवावे.

बुजण्याविषयी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने लिहिले आहे की भ्यालेल्या घोड्याला मारू नये, कारण भीतीच्या वस्तूशी मग वेदनाही जोडली जाते. सवयीने घोडा काय काय सोसतो हे याच भागातील माणसाने पाहिलेले आहे. चिकोडी तालुक्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व दर वर्षी पायी आळंदीस जातात. ही वाट सुमारे ३०० किलोमीटरची. पुढे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात एकावर पताका घेतलेला स्वार असतो, आणि माउलींच्या अश्वावर कोणीच बसत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो माणसांच्या कड्यातून हे अश्व रिंगणात धावतात. अशी निर्भयता बाजारात विकत मिळत नाही.

निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गाचा गोंगाट आहे आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आहे. वाडीवरून आलेल्या घोड्याला हे सारे नवेच. पहिल्या दिवशी त्याला रस्त्यापासून दोन शेते अलीकडे, बांधाशी चरत उभे करावे. तो मान खाली घालून चरू लागला की दुसऱ्या दिवशी एक शेत पुढे न्यावे. मागील पायांवर सरळ उभा राहणारा घोडा मात्र नवशिक्याने हाताळूच नये. स्वारासह उलटून पडला तर दोघेही जातात. तो जाणत्या शिकविणाऱ्याकडे सोपवावा, आणि विकायचे ठरले तर घेणाऱ्यास ती गोष्ट सौद्यापूर्वी सांगावी.