नऊ आवाज, एक करार

न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या हिप-हॉप गटाचा पहिला अल्बम, 'एंटर द वू-टँग', ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बाजारात आला. त्याची थोरवी सांगणारे बहुतेक जण त्याच्या खरखरीत, न घासलेल्या आवाजापाशी थांबतात. तो आवाज विलक्षण आहेच. पण माझ्या मते या अल्बमची खरी कल्पकता त्याच्या मांडणीत आहे. नऊ रॅपर एकमेकांवर कुरघोडी करत राहतील आणि तरीही गट फुटणार नाही, अशी व्यवस्था आरझा या त्यांच्या म्होरक्याने लावली. ती व्यवस्था गाण्यांत जितकी दिसते, तितकीच रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या करारातही.

या व्यवस्थेमागे ठेच होती. आरझा आणि त्याचा चुलतभाऊ जिझा यांना १९९१च्या सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांनी एकेकटे करारबद्ध केले होते. आरझाला तर 'प्रिन्स रकीम' या नावाने पोरींना भुरळ घालणारा छेलछबिला म्हणून पुढे आणले गेले. दोघांचेही काही जमले नाही. मग आरझाने आपल्या भोवतीची, मुख्यतः स्टॅटन आयलंडच्या सरकारी वसाहतींत वाढलेली मंडळी एकत्र केली आणि 'प्रोटेक्ट या नेक' हे गाणे स्वतःच काढले. ते गाजल्यावर लाउड या कंपनीशी बोलणी झाली. गट म्हणून आम्ही तुमच्याकडे, पण प्रत्येकाला स्वतंत्र अल्बम हव्या त्या कंपनीकडे काढता आला पाहिजे, ही आरझाची अट होती. गट सुटला तरी गायक सुटू नये, अशी तजवीज कंपन्या करारातच करून ठेवत, त्या काळात ही अट मान्य होणे हीच मोठी गोष्ट. पुढे मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे आणि जिझा गेफनकडे. नावाची पुण्याई सगळ्यांची एकच राहिली.

गाण्यांतही हाच न्याय आहे. इथे कडवे कुणाला हक्काने मिळत नसे, ते जिंकावे लागे. मास्टा किला साऱ्या अल्बममध्ये एकाच गाण्यात ऐकू येतो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर उभे राहतात. इथे झुंज एकाच फडाच्या आत आहे. 'क्रीम' हे गाणे बारकाईने ऐकावे. द चार्मेल्स या गटाच्या १९६७च्या प्रेमगीताच्या सुरुवातीचा पियानोचा छोटासा तुकडा आरझाने उचलला आणि तो गाणेभर फिरवत ठेवला. त्यावर रेक्वॉन गुन्हेगारीत सरलेले पोरवय सांगतो, तर इन्स्पेक्टा डेक कोवळ्या वयातल्या तुरुंगवासाबद्दल बोलतो. पैशाचे राज्य गाणारे ध्रुपद एरवी बढाईचे वाटले असते, या दोन कडव्यांनंतर ते हताश वाटते. अल्बमच्या कव्हरवर चेहरे झाकलेले आहेत, पण आत आवाज ओळखण्यात कुणाची गफलत होत नाही.

यावर कुणी म्हणेल, खरखर ही निवड कसली, खिशात पैसे नव्हते म्हणून तसे झाले. पैसे कमी होते हे खरे. पण नाव झाल्यावर, १९९५मध्ये, रेक्वॉन आणि जिझाचे अल्बम आरझाने स्वतःच्या तळघरातल्या स्टुडिओत केले, आणि तिथेही त्याने ती धूळ झटकली नाही. डॉक्टर ड्रेच्या 'द क्रॉनिक'ने लॉस एंजेलिसचा गुळगुळीत, संथ आवाज देशभर नेला होता, त्या दिवसांत हा हट्ट धरणे सोपे नव्हते. शाओलिनच्या कुंग-फू सिनेमांतले संवाद आणि '३६ चेंबर्स' हे उपशीर्षक उसने आहे, हाही आक्षेप ऐकू येतो. उसने आहेच, पण शिस्त, गुरू आणि एकेक दालन पार करत जाणे ही कल्पना त्या मुलांनी आपल्या तालमीला लावून घेतली, नुसती सजावट म्हणून टांगली नाही. हिंसेबद्दलच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. 'मेथड मॅन' या गाण्याआधी छळाच्या धमक्यांची जी चढाओढ चालते, तिचे समर्थन मला करता येत नाही आणि करावेसेही वाटत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नऊ जणांची ही लोकशाही खरे तर एकट्या आरझाची सत्ता होती, असा तो आक्षेप. आरझाने साथीदारांकडे पाच वर्षांचा निर्विवाद अधिकार मागितला होता आणि त्यांनी तो दिला, त्यामुळे हे नाकारता येणार नाही. पण ती सत्ता मुदतीची होती, आणि करारातली मोकळीक ती चालू असतानाही शाबूत होती. पहिला अल्बम अमेरिकेच्या यादीत ४१व्या क्रमांकापुढे गेला नव्हता. १९९७मध्ये 'वू-टँग फॉरेव्हर' हा जोडअल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यानंतर मुदत संपून मोकळे झालेले हे नऊ जण पुन्हा एका दावणीला बांधले गेले नाहीत, आणि गटाच्या पुढच्या एकाही अल्बमला तो क्रमांक मिळाला नाही.