जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक प्रामाणिकता

जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक प्रामाणिकता या विषयात शिक्षणातील यंत्रनिर्मित मजकुराचा वापर, त्या वापराची कबुली आणि त्यातून विद्यार्थी व शिक्षक यांच्यात उद्भवणारा विश्वासाचा प्रश्न यांचा विचार केला जातो. ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केल्यानंतर हा प्रश्न ठळक झाला. दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणे याला वाङ्मयचौर्य म्हणतात. यंत्रनिर्मित मजकुराची मात्र बहुधा कोणतीही मूळ प्रत नसते. त्यामुळे तुलना करून गैरप्रकार सिद्ध करण्याची जुनी पद्धत येथे अपुरी पडते.

नियम

महाराष्ट्रात विद्यापीठे व मंडळांच्या परीक्षांतील गैरप्रकारांसाठी १९८२ चा राज्य अधिनियम आहे. संशोधनपर लेखनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम देशभर लागू आहेत. त्यांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई होते आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. ही मोजणी उपलब्ध लेखनाशी असलेल्या साम्याची आहे. यंत्राने नव्याने जुळवलेली वाक्ये तिच्यातून सुटू शकतात.

शोधक साधने व त्यांच्या मर्यादा

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे शोधक साधने संभाव्यतेच्या आधारे सांगतात. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे साधन आणले होते. कंपनीच्या चाचणीत ते २६ टक्के यंत्रनिर्मित मजकूरच ओळखू शकले, तर माणसांचे ९ टक्के लेखन त्याने यंत्राचे ठरवले. अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात शोधकांची चाचणी घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी चुकीने यंत्रनिर्मित ठरवले. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण साधी वाक्यरचना व मर्यादित शब्दसंग्रह हीच संशयाची कारणे ठरू शकतात. २०२४ मध्ये हरियाणातील एका विद्यापीठाच्या विधी शाखेच्या विद्यार्थ्याने अशा आरोपावरून अनुत्तीर्ण ठरवल्याविरुद्ध पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले व याचिका निकाली निघाली.

स्थानिक विषयांवरील लेखन

भाषिक प्रारूपे वाक्यातील पुढचा संभाव्य शब्द निवडतात. विधान खरे आहे की नाही, याची खात्री त्या प्रक्रियेत नसते. ज्या विषयावर महाजालावर थोडाच मजकूर असतो, तेथे चुकीचा धोका वाढतो. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव याचे उदाहरण म्हणून घेता येते. तेथील गंगाजी नाईक यांचा १७३७ ते १७३९ मधील वसईच्या मोहिमेत सहभाग होता. इतिहासग्रंथांत गावाचे नाव ‘अणजूर’ असेही आढळते, तर पेशवेकालीन कागद मोडी लिपीत आहेत. अशा विषयावरील प्रकल्पात यंत्राने एखादे नाव किंवा वर्ष कल्पनेने भरले, तर ते इंग्लंडच्या इतिहासातील चुकीइतके सहज पकडले जात नाही. मूळ कागद, जुने ग्रंथ आणि गावातील जाणकार यांच्याकडे पडताळणी करणे हाच तेथे प्रामाणिकतेचा गाभा ठरतो.

मूल्यमापनातील बदल

युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण व संशोधनातील वापरासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. वर्गात स्वतंत्रपणे अशी साधने वापरण्यासाठी तीत किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचवली आहे. टिपणे व कच्चे मसुदे तपासणे, तोंडी परीक्षा घेणे, वर्गात हस्तलिखित उत्तरे लिहून घेणे आणि यंत्राचा वापर कोठे केला याचे निवेदन मागणे, हे प्रमुख पर्याय आहेत. या पद्धतींत संशय घेण्याऐवजी विद्यार्थ्याने काम कसे केले हे पाहिले जाते. मात्र त्यांना शिक्षकांचा अधिक वेळ लागतो आणि मोठ्या पटसंख्येच्या वर्गांत त्या राबवणे कठीण जाते.