टळलेले मृत्यू, झालेले मृत्यू
(लेखमाला : टाळेबंदीची कागदपत्रं, लेखांक ४)

१४ सप्टेंबर २०२० हा संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. तत्कालीन आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी लोकसभेत निवेदन केलं की टाळेबंदीमुळे १४ ते २९ लाख लोकांची लागण आणि ३७ ते ७८ हजार मृत्यू टळले. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, कामगार मंत्रालयाला एक प्रश्न होता : गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले? लेखी उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

टळलेल्या मृत्यूंचा अंदाज काढायला शास्त्रीय पद्धती आहेत आणि टाळेबंदीमुळे रुग्णालयांना तयारीला थोडा वेळ मिळाला, हेही खरं. पण झालेला मृत्यू मोजायला गणिती प्रारूप लागत नाही. रस्त्यावर माणूस मेला की पंचनामा होतो, पोलिस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. त्या नोंदी कुणीतरी मागवून घ्यायच्या होत्या, एवढंच.

त्या मागवल्या का गेल्या नाहीत, याची पाळंमुळं मार्चमधल्या संदेशांत सापडतात. २४ मार्चला रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि बाराच्या ठोक्याला देश बंद झाला. दुसऱ्या दिवशी वाराणसीकरांशी बोलताना त्यांनी महाभारताचा दाखला दिला : ते युद्ध १८ दिवसांत जिंकलं गेलं, हे २१ दिवसांत जिंकायचा प्रयत्न आहे. हातावर पोट असलेल्या माणसाने तेवढ्या दिवसांचं भाडं आणि रेशन कुठून आणायचं, याचं उत्तर त्या भाषणांत नव्हतं. लोक चालू लागले.

३१ मार्चला केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की सकाळी अकरानंतर रस्त्यावर कुणी नाही, आणि हे स्थलांतर टाळेबंदी तीन महिन्यांहून जास्त चालेल अशा खोट्या बातम्यांमुळे झालं. न्यायालयाने ते मान्य केलं. प्रत्यक्षात मुदत आधी ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे अशी वाढत गेली. एकूण ६८ दिवस. म्हणजे ज्या अफवेला दोष दिला गेला, ती २१ दिवसांच्या सरकारी मुदतीपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होती! तरीही १५ सप्टेंबरला लोकसभेत गृह मंत्रालयाने स्थलांतराचं मुख्य कारण म्हणून तेच पुन्हा सांगितलं. सहा महिन्यांत उत्तर बदलावंसं वाटू नये, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

या संदेशांतल्या फटींची किंमत करमाडजवळ मोजली गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले २० मजूर ७ मेच्या संध्याकाळी निघाले. भुसावळहून श्रमिक विशेष गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. रस्त्यावर पोलिस अडवतील म्हणून ते रुळांवरून चालले. जवळपास ३६ किलोमीटर झाल्यावर दमून त्यातले बरेचसे रुळांवरच आडवे झाले, कारण रेल्वे बंद आहे हेच त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. मालगाड्या मात्र चालू होत्या. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकामे इंधन टँकर घेऊन आलेली मालगाडी त्यांच्यावरून गेली आणि १६ जण ठार झाले. सोबत बांधून आणलेल्या चपात्या खडीवर विखुरल्या होत्या. प्रवासाच्या पाससाठी आठवड्यापूर्वी अर्ज केले होते, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

या सोळा जणांची नावं, गावं, वयं दुसऱ्या दिवशीच वर्तमानपत्रांत छापून आली होती. भरपाईही जाहीर झाली. मग चार महिन्यांनी माहिती नव्हती ती कुणाची?

मोजायचं ठरवलं तर मोजता येत होतं, हे सरकारच्याच दुसऱ्या खात्याने दाखवून दिलं. त्याच अधिवेशनात रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की श्रमिक विशेष गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. आणि कामगार मंत्रालयाकडे परतलेल्या मजुरांचा आकडा होता, अगदी एककापर्यंत : १,०४,६६,१५२.

पुढच्या लेखांकात २० जुलै २०२१ चं राज्यसभेतलं उत्तर. ऑक्सिजनअभावी झालेले मृत्यू राज्यांनी स्वतंत्रपणे कळवले नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. राज्यांनी कुठल्या नमुन्यात माहिती भरून पाठवायची होती, तिथून सुरुवात करू.