अकाली केस पिकणे आणि घरगुती वनौषधी केशसंस्कार : स्वरूप, कृती व मर्यादा

बीजसंज्ञा : पलित, मेलॅनिन, माका, आवळा, तैलपाक, मेंदी, नीळ

प्रस्तावना :

केस पिकणे ही वयोमानानुसार होणारी स्वाभाविक प्रक्रिया आहे. तथापि हेच लक्षण विशी-पंचविशीत दिसू लागले की ते चिंतेचे कारण ठरते. आशियाई लोकांमध्ये साधारणतः वयाच्या २५ वर्षांपूर्वी केस पांढरे होऊ लागल्यास त्यास अकाली पिकणे म्हटले जाते. शिक्षण, नोकरी व विवाह यांच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण-तरुणींच्या आत्मविश्वासावर त्याचा परिणाम होतो. अशा वेळी एकीकडे आजीच्या हातचे माक्याचे तेल आणि दुसरीकडे बाजारातील ‘काळी मेंदी’ असे दोन पर्याय समोर येतात. या उपायांतून नेमके काय साध्य होते व काय होत नाही, हे समजून न घेता ते केल्यास अपेक्षाभंग होतो आणि प्रसंगी अपायही होतो. म्हणून केसांच्या रंगाची प्रक्रिया, घरगुती तेल व रंगलेप यांची शास्त्रीय कृती आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केसांचा रंग व त्याचा लोप :

केसाचा रंग त्वचेखालील केशमुळाशी असलेल्या रंगपेशींत तयार होणाऱ्या मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. केसाचा वाढीचा काळ दोन ते सात वर्षांचा असतो व या काळात तो दरमहा सुमारे १ सें.मी. वाढतो. त्यानंतर अल्पकाळ संक्रमणाची व सुमारे तीन महिन्यांची विश्रांतीची अवस्था येते. प्रत्येक नव्या चक्रात मूळपेशींपासून नव्या रंगपेशी तयार व्हाव्या लागतात. हा पुरवठा आटला की पुढचा केस रंगहीन उगवतो. त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्यामुळे एकदा पांढरा उगवलेला भाग वरून लावलेल्या कोणत्याही तेलाने आतून पुन्हा काळा होत नाही.

आनुवंशिकता हे अकाली पिकण्याचे प्रमुख कारण होय. त्याखेरीज जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचे विकार व धूम्रपान यांचाही संबंध आढळतो. आयुर्वेदात या विकारास ‘पलित’ अशी संज्ञा असून सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेले पित्त व शरीरोष्मा ही त्याची कारणे सांगितली आहेत. उंदरांवरील एका प्रयोगात तीव्र ताणामुळे रंगपेशींच्या मूळपेशींचा साठा संपतो, असे २०२० साली दिसून आले. मानसिक क्षोभ व केस पिकणे यांचा संबंध प्राचीनांनी जोडला होता, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

घरगुती केशतेलाची कृती :

महाराष्ट्रात केशतेलासाठी माका (एक्लिप्टा प्रोस्ट्राटा), आवळा (फिलॅन्थस एम्ब्लिका), जास्वंद, ब्राह्मी, जटामांसी व कढीलिंब या वनस्पती प्रामुख्याने वापरल्या जातात. पैकी माका ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर व पाणथळ जागी सहज उगवतो. त्याची पाने चुरडताच रस काळपट होतो.

आयुर्वेदीय तैलपाकात कल्क, तेल व द्रव यांचे प्रमाण सामान्यतः १ : ४ : १६ असते. त्यानुसार घरगुती प्रमाण पुढीलप्रमाणे घेता येते :

१. कल्क : आवळकाठीचे चूर्ण ३० ग्रॅम, जास्वंदीच्या पाकळ्या १० ग्रॅम व कढीलिंबाची पाने १० ग्रॅम एकत्र वाटून.

२. तेल : खोबरेल किंवा तिळाचे तेल २०० मि.लि.

३. द्रव : स्वच्छ धुतलेल्या ताज्या माक्याचा गाळलेला रस ८०० मि.लि. एवढा रस न मिळाल्यास त्यात पाणी घालून प्रमाण पूर्ण करावे.

जाड बुडाच्या पसरट कढईत तिन्ही घटक एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. पाण्याचा अंश आटत आला की कल्क तळाशी बसू लागतो. या टप्प्यावर दुर्लक्ष झाल्यास तेल करपते. कल्क बोटांत धरून वळल्यास त्याची वात होणे, ती विस्तवावर धरल्यास तडतड आवाज न येणे व तेलावर फेस दिसणे ही पाक सिद्ध झाल्याची लक्षणे होत. तडतड होत असल्यास पाणी शिल्लक आहे असे समजावे. असे तेल लवकर बिघडते. तेल कोमट असतानाच गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

खोबरेल तेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची हानी कमी करते, हे मुंबईतील दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. अर्थात या तेलाचा खात्रीचा लाभ केसांचे पोषण, मऊपणा व तुटणे कमी होणे हा आहे. पिकलेले केस काळे करणे हा नव्हे.

मेंदी व नीळ यांचा रंगलेप :

पांढरे केस झाकण्यासाठी तेलाऐवजी वनस्पतिजन्य रंग उपयुक्त ठरतो. मेंदीच्या (लॉसोनिया इनर्मिस) पानांतील लॉसोन हे द्रव्य केसांतील केराटिन प्रथिनाला चिकटते. केवळ मेंदीने पांढऱ्या केसांवर तांबूस-नारिंगी छटा येते. काळसर छटेसाठी त्यावर निळीच्या (इंडिगोफेरा टिंक्टोरिया) पानांच्या चूर्णाचा दुसरा लेप द्यावा लागतो.

मेंदीचे चूर्ण चहाच्या पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून सहा ते आठ तास भिजवावे. लेप दोन तास ठेवून साध्या पाण्याने केस धुवावेत. नंतर निळीचे चूर्ण कोमट पाण्यात कालवून १०-१५ मिनिटांत वापरावे व एक ते दोन तास ठेवावे. निळीचा रंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन खुलतो. म्हणून भिजवलेली नीळ साठवून ठेवता येत नाही. पूर्ण छटा एक-दोन दिवसांत दिसते. लोखंडी कढईत आवळा वा मेंदी भिजवल्यास येणारा काळेपणा हा वनस्पतीतील टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा असतो. तोही बाह्य रंगच होय.

मर्यादा व दक्षता :

शुद्ध मेंदी काळी नसते. ‘काळी मेंदी’ या नावाने मिळणाऱ्या अनेक चूर्णांत पॅरा-फेनिलीनडायअमाईन हे कृत्रिम रसायन असते. त्यामुळे काहींना खाज, फोड, चेहऱ्यावर सूज अशी तीव्र ॲलर्जी होते व एकदा उद्भवलेली संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर राहते. म्हणून वेष्टनावरील घटक वाचणे आवश्यक आहे. कोणताही लेप कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून ४८ तास निरीक्षण करावे. मगच डोक्याला लावावा. जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यांनी, तसेच लहान बालकांसाठी, मेंदी वापरू नये.

याहून गंभीर धोका विलंबाचा आहे. विशीतील मुलाचे केस झपाट्याने पिकत असताना थकवा, हातापायांना मुंग्या येणे अशी लक्षणे असतील, तर ती बी-१२ च्या कमतरतेची असू शकतात. घरोघरी वर्षभर केवळ तेल चोळत राहिल्यास मज्जातंतूंची हानी होऊ शकते. साधी रक्ततपासणी हा येथे पहिला उपाय होय. हे जीवनसत्त्व प्रामुख्याने प्राणिज आहारातून मिळत असल्याने शाकाहारी कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

निष्कर्ष :

१. पिकलेला केस तेलाने पूर्ववत काळा होत नाही. मात्र तेलाने त्याचे संरक्षण होते.

२. मेंदी व नीळ यांचा लेप हा घरगुती व तुलनेने सौम्य रंग आहे. तो उपचार नव्हे.

३. अकाली पिकण्यामागे पोषणाची कमतरता वा ग्रंथीविकार असल्यास मूळ कारणाचाच उपचार करणे इष्ट ठरते.

घरातील माक्याच्या तेलाची परंपरा केवळ रंगासाठी नव्हती. डोक्याला हळुवार तेल लावताना घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष मुलांच्या प्रकृतीकडेही जात असे. ही परंपरा डोळसपणे पुढे न्यायची असेल, तर तेलाच्या वाटीबरोबर रक्ततपासणीचा अहवालही घरात असावा.