कृत्रिम सांध्यावरील चिवट जंतू

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेजारच्या लोणी गावी १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. साखर कारखाने आणि रुग्णालये यांचा एक शत्रू सारखाच आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

उसाचा रस शिळा झाला की बुळबुळीत होतो. ल्युकोनॉस्टॉक हे जंतू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. त्यामुळे कारखान्यातील गाळण्या तुंबतात. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातूचा कृत्रिम सांधा बसवतात, तेथेही असेच काहीसे घडू शकते. आपल्या त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे स्टॅफिलोकॉकस जंतू सांध्यावर पोचले, की धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. सांधा दुखतो, सैल होतो.

मग औषध कोणते द्यावे? अगारच्या बशीवर हे जंतू पसरून त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध विसरणाने पसरते आणि चकतीपासून दूर जावे तसतसे विरळ होते. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतुरहित वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मोजून औषध लागू पडेल की नाही ते ठरवतात.

येथे दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे धातूला चिकटलेले जंतू नमुन्यात सहजी येत नाहीत. त्यावर भौतिकशास्त्राने उपाय दिला. काढलेला सांधा द्रवात ठेवून त्यावर श्राव्यातीत ध्वनी सोडला, की कंपनांनी जंतू सुटतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००७ साली ३३१ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्याभोवतालच्या ऊतींच्या तपासणीत सुमारे ६१ टक्के संसर्ग ओळखले गेले, तर या द्रवाच्या तपासणीत सुमारे ७९ टक्के.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. बशीतले जंतू मोकळे असतात व झपाट्याने वाढतात. थरातले जंतू मात्र जवळजवळ निद्रिस्त असतात. त्यांना मारण्यास कधीकधी शेकडो पट औषध लागते, आणि तेवढे शरीराला सोसत नाही. म्हणून चाचणीत औषध लागू दिसले तरी पुष्कळदा शस्त्रक्रियेने थर खरवडावा लागतो किंवा सांधाच बदलावा लागतो.

तेव्हा मित्रांनो, घरातील आजीचा बदललेला गुडघा सुजला, तर कपाटातली उरलेली गोळी तिला देऊ नका. नमुन्याआधी घेतलेल्या प्रतिजैविकाने जंतू मरतीलच असे नाही, मात्र ते तपासणीत सापडेनासे होऊ शकतात. तिला लगेच डॉक्टरांकडे न्या.