कुलाबा जिल्ह्यातून नेगेवच्या वाळवंटात

विसाव्या शतकात देश सोडून निघालेल्या ज्यूंच्या बहुतेक कहाण्यांमध्ये मागे भीती असते. युरोपातून निघालेल्यांच्या मागे हिटलरच्या छळछावण्या होत्या, बगदादहून निघालेल्यांच्या मागे दंगली होत्या. आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्राएलांच्या मागे यातलं काहीही नव्हतं. त्यांना कुणी हाकललं नाही, त्यांच्या प्रार्थनास्थळांवर कुणी दगड टाकला नाही. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा, पनवेल या पट्ट्यात ते शतकानुशतकं शेजारी म्हणून राहिले आणि शेजाऱ्यांचा निरोप घेऊन गेले. त्यांच्या परदेशात रुजण्याची गोष्ट वेगळी होते ती यामुळेच. जिथं मान होता तिथून ते गेले होते आणि तेवढाच मान नव्या देशातही मिळावा एवढंच त्यांचं मागणं होतं. तो मिळायला मात्र भांडावं लागलं.

समाजाची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. या कथेतला इतिहास किती याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पुढचं चित्र मात्र स्पष्ट आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून आडनावं पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर, नौगावकर. नावंही मराठी वळणाची झाली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर गावाकडे सामाजी हसाजी होते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. लोक त्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणू लागले आणि जवळच्या रेल्वे स्टेशनच्या मशीद या नावाचा संबंध त्याच्याशीच जोडला जातो.

इंग्रजी राजवटीत हा समाज घाण्यावरून उठून कचेरीत गेला. रेल्वे, पोस्ट, तार, कस्टम, लष्कर, शाळा आणि इस्पितळं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ मध्ये इस्रायल जन्माला आलं आणि १९५० मध्ये तिथं परतीचा कायदा झाला, जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथं येऊन राहण्याचा हक्क देणारा. रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेणाऱ्या माणसांना ही हाक धर्माची होती. त्याच्या जोडीला व्यवहारही होता. इंग्रज गेल्यावर सरकारी खात्यांतल्या ठरलेल्या नोकऱ्यांचा भरवसा राहिला नव्हता. शिवाय एक भाऊ गेला की दुसरा जातो, लेक गेली की आई जाते. आज भारतात उरलेल्यांची संख्या चार-पाच हजारांपलीकडे नाही आणि इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू, कोचीन आणि बगदादी धरून, ऐंशी हजारांच्या घरात आहेत.

गेलेल्यांना काय मिळालं? अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बीरशेबाला जेमतेम दोनशे. नारळी-पोफळीतून उठलेली माणसं नेगेवच्या वाळवंटाच्या तोंडाशी येऊन पडली. नवा देश स्वतःच कंगाल होता. १९४९पासून तिथं कडक रेशनिंग होतं आणि काही वर्षांत लोकसंख्या दुप्पट झाली होती. आलेल्यांना तंबूंच्या आणि पत्र्याच्या खोल्यांच्या वसाहतींत ठेवत. कोचीनच्या ज्यूंपैकी बरेचजण शेतीच्या सहकारी वस्त्यांवर गेले. बेने इस्राएल मात्र प्रामुख्यानं नव्यानं वसवलेल्या गावांत आणि छोट्या शहरांत विखुरले: लोद, रामला, बीरशेबा, अश्दोद, दिमोना, येरुहाम. दिमोना हे गावच १९५५ साली वसलं. मुंबईत फायली सांभाळणारा कारकून तिथं कापडगिरणीत पाळीवर उभा राहिला, कुणी रस्त्याच्या कामावर गेला, कुणी कारखान्यात. इंग्रजी उत्तम येत होतं, पण काम हिब्रूत चालायचं.

जेवणाचे हाल तर विचारू नका. भात हे ज्यांचं मुख्य अन्न, त्यांना पाव मिळाला. तांदळाची टंचाई एवढी होती की पंतप्रधान बेन गुरियन यांनी सांगून गव्हाच्या पिठाचे भाजलेले दाणे तयार करवून घेतले. लोकांनी त्याला बेन गुरियन तांदूळ असं नाव दिलं. आज प्तितीम या नावानं तो पदार्थ तिथल्या लहान मुलांचा लाडका आहे. ताटात भात हवा असलेल्या कोकणी माणसाला मात्र त्यात काय समाधान मिळणार? आणि नारळाशिवाय यांचं कालवण होतच नाही. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला दाटपणा आणायचा तो नारळाच्या दुधानं. कोकणाची पद्धत आणि तोराचा नियम एकाच पातेल्यात बसले होते. तिथं तो नारळच दुर्मीळ झाला.

असंतोष लवकरच बाहेर आला. १९५१ साली बीरशेबाच्या काही बेने इस्राएलांनी तेल अवीवला, बाहेरून आलेल्यांना वसवण्याचं काम पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या दारात धरणं धरलं. काम देताना, घर देताना आमच्या रंगाकडे पाहिलं जातं, आम्हाला परत भारतात पाठवा, ही त्यांची मागणी होती. एजन्सीनं अखेर १९५२ साली शंभराहून अधिक जणांना खरंच परत पाठवलं. पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. मुंबईत उतरल्यावर यातल्या बहुतेकांना पुन्हा इस्रायलला जायचं होतं आणि कालांतरानं ते गेलेही. यावरून त्यांना धरसोडीचे म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. परत पाठवण्याची मागणी करताना त्यांना देश नको झाला नव्हता, वागणूक नको झाली होती. परदेशी स्थायिक झालेल्या कुणालाही हा फरक कळेल.

याहून खोल जखम पुढं झाली. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे आहे, नोंदणी पद्धतीचं लग्न तिथं होत नाही. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करायला निघाली की काही रब्बी अडवू लागले. त्यांची शंका अशी: शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेल्या या समाजात घटस्फोट आणि विधवेचा पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? ते तसे झाले नसतील तर पुढची संतती लग्नाला अपात्र ठरते. १९६१ मध्ये धर्मपीठानं लग्नांना तत्त्वतः मान्यता दिली, पण १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांनुसार रब्बीनं वधूवरांच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची होती.

हे प्रत्यक्षात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. अश्दोदमधली एक मुलगी लग्नाची नोंद करायला जाते आणि तिला विचारतात की तुझ्या आईच्या आईचं लग्न कुणी लावलं? ती आजी चौल-रेवदंड्याकडच्या एखाद्या वाडीत वारलेली. तिचं लग्न अंगणात मांडव घालून झालेलं, साऱ्या गावाच्या साक्षीनं. त्याचा कागद कुठून आणायचा? कोकणात या समाजाला आपण कोण आहोत हे कधी कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं. गावानं त्यांचा शनिवार पाळू दिला होता आणि त्यांना स्वतंत्र जात मानून प्रश्न संपवला होता. ज्या देशात आपण आपल्याच माणसांत जाणार असं वाटलं, तिथं पहिल्यांदा पुरावा मागितला गेला.

१९६४च्या उन्हाळ्यात समाज रस्त्यावर उतरला. ठिकठिकाणच्या वस्त्यांतून कुटुंबं जेरुसलेमला आली आणि त्यांनी ठाण मांडलं, उपोषणं केली. मुंबईतही निषेध झाला. कारकून, परिचारिका, गिरणी कामगार अशी ही माणसं, राजकारणात त्यांचा कुणी वाली नव्हता. तरीही सरकारला संसदेचं, म्हणजे क्नेसेटचं, खास अधिवेशन घ्यावं लागलं. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटमध्ये स्पष्ट झालं की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, इतर ज्यूंसारखेच त्यांना सर्व हक्क आहेत, लग्नाच्या बाबतीतही. लेव्ही एश्कोल तेव्हा पंतप्रधान होते. त्यानंतर धर्मपीठानं आपल्या सूचनांतून बेने इस्राएलांचं नाव काढलं. माझ्या मते या समाजाचं इस्रायलमध्ये स्थायिक होणं खऱ्या अर्थानं इथून सुरू होतं. त्याआधी ते तिथं राहत होते, पण पाय टेकले ते आता.

पाय टेकल्यावर मग कोकण उघडपणे बाहेर आलं. सुरुवातीच्या वर्षांत वेगळेपण झाकण्याकडे कल होता. शाळेत मुलाला नावावरून चिडवत म्हणून नाव बदललं, आडनावातला कर गळाला. नंतर मात्र अश्दोद, लोद, रामला, दिमोना इथं समाजाची सिनेगॉगं उभी राहिली, मसाल्यांची आणि मिठाईची दुकानं आली. लग्नाआधीची मेंदी इतक्या थाटानं होऊ लागली की आता दुसऱ्या समाजातून आलेली सूनही हौसेनं हिरव्या बांगड्या भरते. क्रिकेटचंही तसंच. इस्रायल १९७४ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहसदस्य झाला आणि तिथला खेळ चालता ठेवण्यात भारतातून गेलेल्या ज्यूंचा वाटा मोठा आहे. वाळवंटातल्या ओबडधोबड मैदानावर मॅटिंग टाकून सुट्टीच्या दिवशी सामने रंगतात.

सगळ्यात घट्ट टिकला तो मलिदा. एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्यावर या समाजाची अपार श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्यांचा रथ उतरला होता असं मानतात आणि तिथल्या कातळावर चाकांच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा असो, लग्न ठरलेलं असो, दुखण्यातून कुणी उठलेलं असो, एलियाहू हनबीचा मलिदा होतो. लोदहून आलेल्या एका आजींना मी अलिबागमध्ये तो करताना पाहिलं. पोहे त्यांनी चाळणीत धुऊन निथळत ठेवले. मी म्हटलं, भिजत घालू का? त्या म्हणाल्या, “भिजवायचे नाय रे बाबा, नुसते ओले करायचे. भिजले की लगदा होतो.” मग ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, बदामाचे काप असं सगळं हातानंच हलकं कालवलं, चमचा लावला नाही. ताटात मलिद्याचा ढीग, भोवती खजूर, सफरचंद, केळी आणि वर गुलाबाचं फूल. हिब्रू गीत झाल्यावर एकेका जिन्नसावर आशीर्वचन म्हणतात. झाडाच्या फळाचं वेगळं, जमिनीतून येणाऱ्याचं वेगळं. केळ ज्यू शास्त्राप्रमाणे झाडाचं फळ नाही, म्हणून त्याला निराळं म्हणावं लागतं. फुलाचा वास घेऊन सुगंधासाठी आणखी एक. इस्रायलमध्ये, आजी सांगत होत्या, नातू लष्करातून सुटून आला की पहिलं काम मलिद्याचं. लष्करी सेवा तिथं मुलामुलींना सक्तीची आहे, त्यामुळे घरोघर ही वेळ येते.

कोकणात सणांची नावंही मराठी होती: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. वर्षारंभाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हलवा थापायचा ही रीत इस्रायलमधल्या घरांमध्ये अजून आहे. शनिवारचं मात्र उलटं झालं. घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना मुंबईच्या कचेऱ्यांत शनिवारी कामावर जावंच लागे. इस्रायलमध्ये शनिवार साऱ्या देशाची सुट्टी आहे. ज्या गोष्टीवरून त्यांची ओळख पडली होती ती त्यांना तिथं न मागता मिळाली.

भाषेचं काय झालं हा आपल्या सगळ्यांना लागलेला प्रश्न. सरकारी हिब्रू वर्गांत, उल्पानमध्ये, प्रौढांनी अक्षरं गिरवली. बाई जाते आणि पुरुष जातो हा क्रियापदातला फरक हिब्रूत आहे, मराठी माणसाला तो शिकावा लागला नाही. पण मुलं शाळेतून हिब्रू घेऊन आली आणि दुसऱ्या पिढीत घरातली मराठी आजी-आजोबांपुरती उरली. असं असूनही १९८०च्या दशकात तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक सुरू झालं. नोह मसील यांनी त्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या. लिहिणारे कारखान्यातून, इस्पितळातून निवृत्त झालेले. या समाजाला मराठी छपाईची परंपरा जुनी आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात. आपली कीर्तनपरंपरा उचलून त्यांनी बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं रचली. बायकांच्या वह्यांमध्ये ही पदं उतरवलेली असत आणि सामानात त्या वह्याही परदेशी गेल्या.

त्या आजींची मराठी ऐकताना मला जाणवलं की ती १९५०च्या दशकातल्या कुलाबा जिल्ह्याची मराठी आहे. अलिबागमध्ये आज तशी कुणी बोलत नाही, कारण इथली भाषा शाळा, वर्तमानपत्रं आणि टीव्हीबरोबर पुढं गेली. लोद आणि दिमोनाच्या स्वयंपाकघरांमध्ये ती जशी नेली तशी राहिली. ती बोलणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनी तिथं माणसं पाठवून ही बोली ध्वनिमुद्रित करायला हवी, पदांच्या वह्यांची पानं छायांकित करायला हवीत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शल्वा वाइल यांच्यासारख्या अभ्यासकांनी या समाजावर आयुष्य घालवलं आहे, तेव्हा कुणाला विचारायचं हा प्रश्न नाही. १९९२ साली दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळल्यापासून ये-जा सोपी झाली आहे. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमध्ये सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष स्थानिकांतून जमवणं जड जातं. इस्रायलहून पाहुण्यांची बस आली की ते जमतात.