उन्हाळी संशोधनाची दारे

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धिमत्ता बाबासाहेबांचीच, परंतु तिच्यासाठी योग्य दारापर्यंत चालत जाणारे गुरुजी लाभले. इतिहासाचा शिक्षक म्हणून या प्रसंगाकडे मी याच दृष्टीने पाहतो.

आज अशी दारे अनेक आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, २०१९ पासून 'युविका' हा उपक्रम सुरू केला. नववीतील विद्यार्थी मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शास्त्रज्ञांकडून शिकतात. निवास, भोजन, अध्ययनसाहित्य आणि सोबतच्या पालकाच्या प्रवासासह सारा खर्च इस्रो करते. निवडीत सर्वाधिक वजन आठवीच्या गुणांना असते. विज्ञान प्रदर्शनातील सहभाग, ऑनलाइन प्रश्नमंजूषा आणि पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकणे यांनाही गुण मिळतात. आपले कुपवाड महापालिकेत मोडते, म्हणून हे शेवटचे गुण आपल्या मुलांना नाहीत. परंतु जत, आटपाडीच्या खेड्यांतील शाळांत शिकवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ही बाब आवर्जून लक्षात ठेवावी.

'इन्स्पायर-मानक' योजनेत विद्यार्थ्याच्या नव्या कल्पनेची निवड झाल्यास प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात. मात्र नोंदणी शाळेनेच करावी लागते. पुण्यातील आयुका ही संस्था, जिचे संस्थापक-संचालक कोल्हापूरचे जयंत नारळीकर होते, शालेय विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात आठवडाभर शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रकल्प करू देत आली आहे. पुण्यात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांच्या शाळेत याची चौकशी करावी.

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी युविकासाठी सर्वथा पात्र होती. मी सूचना वाचली तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. तिने काहीच तक्रार केली नाही. तेच मला अधिक बोचते. तेव्हापासून जानेवारी उजाडताच मी इस्रोचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहतो आणि आठवीची गुणपत्रके, स्पर्धांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये तयार ठेवतो. वसतिगृहातील मुलांची कागदपत्रे अर्धी गावी, अर्धी शाळेत असतात; ती आधीच एकत्र करणे हे निम्मे काम होय.

पालकांना एक इशारा. 'संशोधन शिबिर' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या जाहिराती हल्ली पुष्कळ येतात. शुल्क किती, निवड कशी, आयोजक कोण, हे तीन प्रश्न विचारल्याविना पैसे देऊ नयेत.

माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती: देणगी अवश्य द्या, पण त्यासोबत दरवर्षी एका मुलाचा एक अर्ज मुदतीत भरून द्या. केळुसकर गुरुजींचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

जयभीम.